१९२७ च्या मुंबई कायदे कौन्सिलात कायदा कसा करायचा आणि सरकारचा पैसा कसा अडवायचा

मुंबई इलाख्याचं कायदे कौन्सिल म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, असा एक समज आहे. सभासदांनी भाषणं ठोकायची आणि गव्हर्नरने शेवटी स्वतःला हवं तेच करायचं. समज अगदीच खोटा नाही. पण कामकाजाचे छापील वृत्तांत वाचायला घेतले की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. ज्या सभासदांना काही साधायचं होतं त्यांनी गव्हर्नर कुठे आडवा येऊ शकतो हे आधी नीट पाहिलं आणि मग बाजूची वाट धरली. ती वाट बहुतेक वेळा पैशाजवळून जात होती.

हा लेख त्या वाटेचा आहे. तुम्ही १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलाचे लोकनियुक्त सभासद आहात असं धरा. एक कायदा करून घ्यायचा आहे आणि सरकारच्या एका खर्चाला विरोध करायचा आहे. काय काय करावं लागेल? स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांना, जुन्या कायद्यांचा माग काढणाऱ्यांना किंवा स्पर्धा परीक्षेसाठी १९१९ चा हिंदुस्थान सरकारचा कायदा (माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा) घोकणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा.

आधी हे सभागृह कोणतं ते पक्कं करा

‘मुंबई कौन्सिल’ या एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या संस्था येतात आणि लोक सर्रास त्यांची सरमिसळ करतात. १८६१ च्या कायद्याने मुंबईला कायदे करण्याचा अधिकार परत मिळाला आणि २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये पहिली बैठक झाली. जगन्नाथ शंकरशेट त्या पहिल्या नेमलेल्या सभासदांपैकी एक. तिथे गव्हर्नर स्वतः अध्यक्षस्थानी बसे आणि समोर आलेल्या बिलापलीकडे काही बोलायची सोय नव्हती. १८९२ नंतर प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, पण मत देता येत नव्हतं. फेरोजशहा मेहता, टिळक, गोखले हे सगळे याच काळातले. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवर मेहता आणि गोखले सभात्याग करून बाहेर पडले, कारण मत देऊन हरण्यापलीकडे त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं. १९०९ नंतर ठराव मांडता येऊ लागले.

आपलं सभागृह चौथं, म्हणजे १९१९ च्या कायद्याने आलेलं आणि १९२१ पासून चाललेलं. लोकांनी निवडून दिलेले ८६ सभासद, बाकीचे सरकारनियुक्त. गव्हर्नर आता सभागृहात बसत नाही. त्याच्या जागी अध्यक्ष आहे. पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर नेमलेले होते, पुढे सभागृह आपला अध्यक्ष स्वतः निवडू लागलं. कामकाज इंग्रजीत, पण इंग्रजी नीट न येणाऱ्याला इलाख्यातल्या मान्य भाषेत बोलायची मुभा होती. मतदानाचा हक्क मात्र सारा, कर किंवा मिळकत यांवर ठरत असे, त्यामुळे ‘लोकनियुक्त’ म्हणताना किती लोक, हे मनात असू द्या.

पहिली पायरी: विषय कोणत्या खात्यात पडतो

यावर पुढचं सगळं ठरतं. १९१९ च्या द्विदल पद्धतीत प्रांताची खाती दोन गटांत विभागली होती. राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे: पोलीस, तुरुंग, जमीन महसूल, पाटबंधारे, अर्थखातं. सोपीव खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे: शिक्षण, आरोग्य, म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डं, शेतकी, सहकार, अबकारी. जंगलखातं फक्त मुंबई आणि ब्रह्मदेश या दोनच प्रांतांत सोपीव होतं, बाकी सगळीकडे राखीव.

वाटणी करणाऱ्याने मोठी हुशारी केली आहे. शाळा मंत्र्याकडे, पण तिजोरीची किल्ली राखीव अर्थखात्याकडे. शिवाय अबकारीही मंत्र्यांकडेच. म्हणजे दारूबंदीची मागणी करणाऱ्या सभासदाला समोरून उत्तर ठरलेलं: अबकारीचं उत्पन्न गेलं तर शाळा कशावर चालवायच्या?

तुमचा विषय सोपीव असेल तर मंत्र्याला पटवणं पुरे. राखीव असेल तर तुम्ही कायदा पास केला तरी किंवा नाकारला तरी गव्हर्नरकडे शेवटचा डाव आहे, हे धरूनच पुढे चला.

दुसरी पायरी: बिल मांडायची परवानगी

सरकारी बिल असेल तर काम सोपं. सरकार ते आधी ‘मुंबई सरकारी गॅझेट’मध्ये छापू शके, सोबत उद्देश आणि कारणांचं निवेदन. खासगी, म्हणजे सरकारात नसलेल्या, सभासदाला मात्र सभागृहाची परवानगी मागावी लागे, तीही खासगी कामकाजाच्या मोजक्या दिवसांत आणि चिठ्ठीत नंबर लागला तर.

त्याआधी दोन कुंपणं होती. काही विषयांवर गव्हर्नर-जनरलची पूर्वसंमती लागे. आणि दुसरं, जास्त काटेरी: ज्या बिलाने सरकारी महसुलावर परिणाम होईल किंवा तिजोरीवर बोजा पडेल ते गव्हर्नरच्या पूर्वसंमतीशिवाय कोणाही सभासदाला मांडता येत नसे. एका ओळीचं कलम, पण यातून खासगी बिलांची सगळी ठेवण ठरली. सरकारने खर्च करावा असं बिलात लिहिलंत की तुम्ही सरकारच्या दारात. खर्च दुसऱ्या कोणावर टाकलात तर वाट मोकळी.

आता या नजरेने दोन कायदे पाहा. विठ्ठलभाई पटेलांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल खासगी सभासद म्हणून आणलं आणि १९१८ मध्ये ते कायदा झालं. ते आधीच्या कौन्सिलातलं, पण अडचण तीच होती आणि तोडगाही तोच: सक्ती करायची की नाही हे म्युनिसिपालट्यांनी ठरवायचं, सरकारवर थेट ओझं नाही. सबंध इलाख्यासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं, आणि तो आला शिक्षणमंत्री र. पु. परांजपे यांच्या कारकिर्दीत, सरकारी बिल म्हणून.

दुसरा कायदा १९२९ चा प्रसूती लाभ कायदा, देशातला अशा प्रकारचा पहिला. बिल आर. एस. आसवले यांचं, १९२८ च्या जुलैत त्यावर चर्चा झाली. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या रजेचा भत्ता द्यायचा, आणि द्यायचा तो मालकाने. डॉ. आंबेडकरांनी बिलाला पाठिंबा देताना कबूल केलं की हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारनेच उचलायला हवा. तरीही बिलात मालकच राहिला. मला यात तत्त्वाइतकंच कामकाजाचं गणित दिसतं. सरकारचं नाव घातलं असतं तर बिल गव्हर्नरच्या संमतीसाठी ताटकळलं असतं.

तिसरी पायरी: तीन वाचनं आणि मधली सिलेक्ट कमिटी

पहिल्या वाचनात तत्त्वावर चर्चा. मग बिल सिलेक्ट कमिटीकडे, म्हणजे ते तपासायला निवडलेल्या मोजक्या सभासदांकडे. तिचा अहवाल आला की दुसरं वाचन, त्यात कलमवार चर्चा आणि दुरुस्त्या. शेवटी तिसरं वाचन, जे बहुधा उरकून टाकलं जाई.

बिलं मरत ती मधल्या टप्प्यात. डॉ. आंबेडकरांचं महार वतनाचं बिल हे त्याचं जवळून पाहण्यासारखं उदाहरण. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं हे बिल त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मांडलं. वतनदार महार सरकारच्या प्रत्येक खात्याचं आणि गावाचं पडेल ते काम करत, आणि मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून मिळालं तर बलुतं. बिलात म्हटलं होतं की बलुत्याऐवजी रोख पैसा घेता यावा आणि तो साऱ्याबरोबर वसूल व्हावा. वतनाची जमीन ठेवून सेवेतून मोकळं होता यावं. आणि कामं कोणती, हे तरी ठरावं. ऑगस्टमध्ये पहिलं वाचन पार पडलं, बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं. तिथे त्याची इतकी छाटाछाट झाली की १९२९ च्या जुलैत आंबेडकरांनी ते मागे घेतलं. बिल कागदावर सामाजिक सुधारणेचं होतं, पण ते पास झालं असतं तर गावोगाव जवळपास फुकटात राबणारी माणसं महसूल खात्याला गमवावी लागली असती. कोणाचा खर्च वाढतो, हा प्रश्न इथेही खाली होताच.

उलटंही घडे. १९२७ मध्ये सरकारने शेतजमिनीचे तुकडे एकत्र करण्याचं बिल आणलं. डॉ. आंबेडकरांनी १० ऑक्टोबर १९२७ रोजी त्यावर कडाडून टीका केली: रोग जमीन लहान असण्याचा नाही, शेतीत भांडवल आणि अवजारं कमी असण्याचा आहे, आणि तुकडे जोडाल तर लहान शेतकरी भूमिहीन होईल. बाहेरही विरोध पेटला आणि शेवटी सरकारने ते बिल सोडून दिलं. ज्यांना वाटतं की सरकार हवं ते पास करून घेत होतं, त्यांनी हे बिल जरूर वाचावं.

जुना वृत्तांत हाताळताना एक सवय लावून घ्या. भाषणं नंतर वाचा, आधी मतविभागणीची यादी पाहा. कोण बाजूने, कोण विरुद्ध, नावनिशीवार छापलेलं असतं. सभागृहात तावातावाने बोललेला माणूस यादीत नसतो, असं पुष्कळदा आढळतं.

चौथी पायरी: सह्या

सभागृहाने पास केलं म्हणजे कायदा झाला नाही. गव्हर्नर संमती देई, नाकारी, फेरविचारासाठी परत पाठवी किंवा गव्हर्नर-जनरलसाठी राखून ठेवी. त्याने संमती दिली तरी गव्हर्नर-जनरलची संमती लागेच, आणि ती गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाल्यावरच कायदा अंमलात. त्याउपर राजा लंडनमधून तो रद्द करू शके.

सभागृहाने नाकारलेलं बिल राखीव खात्याचं असेल तर गव्हर्नर ‘माझ्या जबाबदारीसाठी हे आवश्यक आहे’ असा दाखला देऊन ते कायद्यात आणू शके. आणि प्रांताच्या सुरक्षिततेला किंवा शांततेला बाध येतो असा दाखला देऊन चालू बिलावरची चर्चाच थांबवू शके. म्हणून कायद्याची तारीख शोधताना सभागृहातल्या मतदानाची तारीख धरू नका, गॅझेटची धरा.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होई. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मुंबईच्या अधिवेशनात अर्थखात्याचा सभासद अंदाजपत्रक ठेवी आणि मार्चअखेर सगळं उरकायचं असे.

हातात पडलेल्या जाडजूड पुस्तकात पहिल्यांदा शोधायचं ते मताला न टाकलेले आकडे. प्रांताने हिंदुस्थान सरकारला द्यायची वर्गणी (मुंबईवर मेस्टन कमिटीने ५६ लाख रुपये बसवले होते), कर्जावरचं व्याज आणि फेडीची रक्कम, कायद्यानेच ठरलेला खर्च, हायकोर्टाच्या न्यायाधीशांचे पगार, आणि भारतमंत्र्याने (लंडनमधल्या हिंदुस्थानच्या मंत्र्याने) नेमलेल्या अधिकाऱ्यांचे, म्हणजे मुख्यतः आयसीएस साहेबांचे, पगार आणि पेन्शनी. यांवर मत नाही. एखादी रक्कम या यादीत बसते की नाही याचा वाद झाला तर निकाल गव्हर्नर देणार. आजच्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ‘भारित’ आणि ‘दत्तमत’ असे दोन रकाने दिसतात, ते याच फरकाचे वारसदार. फरक इतकाच की आता ‘भारित’ यादीत काय येतं ते संविधान सांगतं.

मग काही दिवस सर्वसाधारण चर्चा, मतदानाशिवाय. नव्या सभासदाने बोलायची हीच जागा. डॉ. आंबेडकर १९२७ मध्ये कौन्सिलात आले आणि २४ फेब्रुवारीला अंदाजपत्रकावर बोलले. जमीन महसुलात लहान शेतकऱ्याला सूट नाही, श्रीमंत जमीनदार आणि एक-दोन एकरवाला एकाच दराने भरडला जातो, ही त्यांच्या टीकेची मुख्य बाजू होती.

त्यानंतर खातेवार मागण्या. यासाठी गव्हर्नर दिवस नेमून देई, जास्तीत जास्त बारा. प्रत्येक मागणी गव्हर्नरच्या शिफारशीनेच येते. तुम्ही ती मान्य करू शकता, नाकारू शकता, कमी करू शकता. वाढवू शकत नाही, आणि एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवूही शकत नाही. तुमच्या तालुक्याला दवाखाना हवा असेल तर अंदाजपत्रकात दवाखाना घालण्याची सूचना चालणार नाही.

मग करायचं काय? कपात सुचवायची. वैद्यकीय खात्याच्या मागणीत एक रुपयाची किंवा शंभर रुपयांची कपात मांडायची, मुदतीत नोटीस द्यायची, आणि तिच्या निमित्ताने दवाखान्यावर बोलायचं. रुपया कोणालाच नको असतो. सरकारी बाकावरून आश्वासन मिळालं की सूचना मागे घ्यायची. आश्वासन वृत्तांतात छापलं जातं आणि पुढच्या वर्षी प्रश्न विचारायला तेच कामी येतं. ही युक्ती आजच्या विधानसभेतही जशीच्या तशी चालू आहे.

नेमलेल्या शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकामागून एक मताला टाकत. कोट्यवधी रुपये त्या अर्ध्या-पाऊण तासात मंजूर होत. म्हणून अनुभवी सभासद आपल्या जिव्हाळ्याची मागणी यादीत वर यावी यासाठी आधीच खटपट करत.

मागणी फेटाळली तर?

राखीव खात्याची असेल तर गव्हर्नर दाखला देऊन ती मंजूर झाल्यासारखी वागवी. सोपीव खात्याची असेल तर तसा दाखला नव्हता, पण आणीबाणीत खातं चालवण्यापुरता खर्च करायची सोय होती. मंत्र्याचा पगार मात्र खरोखर सभागृहाच्या हाती होता.

हा पेच सर्वांत टोकाला गेला तो मुंबईत नव्हे, नागपुरात. १९२४ साली मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाचं बहुमत होतं. त्यांनी एकेक करून मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. नाकारला असता तर ती नुसती बातमी झाली असती; दोन रुपये दिल्यामुळे थट्टा झाली. मंत्री गेले, गव्हर्नरने राखीव खात्यांचे पैसे दाखल्यावर मिळवले आणि सोपीव खाती स्वतःकडे घेतली. द्विदल पद्धत मोडून दाखवायची हा हेतू सफल झाला. मुंबईत स्वराज्य पक्षाला असं बहुमत नव्हतं, त्यामुळे इथलं राजकारण कपाती, प्रश्न आणि ठराव यांच्याच आधाराने चाललं.

ठराव: कायदा नाही, तरी पैसा हलवतो

ठराव म्हणजे सरकारला शिफारस. बंधन काहीच नाही. म्हणून अभ्यासक तो वाचतच नाहीत, आणि तिथेच चुकतात.

सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मांडलेला ठराव कौन्सिलाने पास केला: सरकारी पैशाने बांधलेले आणि चालवलेले किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यातले सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. शब्दरचना नीट पाहा. ‘अस्पृश्यता बंद करा’ असं त्यात म्हटलेलं नाही. जिथे सार्वजनिक पैसा आहे तिथे सार्वजनिक हक्क, एवढंच. सरकारने ११ सप्टेंबरला खात्यांना तसा हुकूम काढला. महाडच्या म्युनिसिपालटीने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही.

मग ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला: ज्या म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डं १९२३ चा ठराव अंमलात आणणार नाहीत त्यांना सरकारने ग्रँट देऊ नये. पहिल्या ठरावात काय करावं ते सांगितलं, दुसऱ्यात ते न केल्यास काय अडवावं. कायदा करायचा तर तीन वाचनं, सिलेक्ट कमिटी आणि गव्हर्नर व गव्हर्नर-जनरल अशा दोघांच्या सह्या. ग्रँट रोखायला एक सरकारी हुकूम पुरे. २० मार्च १९२७ ला महाडला जे घडलं त्याच्या मागे कागदोपत्री आधार म्हणून हा ठराव होता. कौन्सिलाचा कागद तळ्यापर्यंत पोचवायला माणसांना चालत जावं लागलं, हेही तितकंच खरं.

जिथे हात पोचत नव्हता

जमीन महसूल. इलाख्याच्या उत्पन्नाच्या सर्वांत मोठ्या स्रोतांपैकी हा एक, आणि त्याचा दर सभागृह ठरवत नव्हतं. जमाबंदी अधिकारी पाहणी करणार, सरकार मंजुरी देणार. सभासदांनी यावर वर्षानुवर्षं ठराव केले. बारडोलीचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला तेव्हा १९२८ मध्ये काही सभासदांनी, त्यांत मुंबई विद्यापीठाचे कन्हैयालाल मुनशी, राजीनामे दिले. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांनी चौकशी केली आणि ती वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली. कौन्सिलात जे झालं नाही ते शेतकऱ्यांनी सारा न भरून केलं.

दुसरी जागा कर्जावर चालणाऱ्या मोठ्या कामांची. मुंबईत समुद्र भरून जमीन काढण्याच्या कामाचा, म्हणजे बॅकबे भरावाचा, खर्चाचा अंदाज वाढत गेला तसतसे सभासद संतापत गेले, पण अर्धवट भरलेल्या समुद्रासाठी मागणी नाकारणं म्हणजे आधीचा पैसा बुडवणं. खुर्शेद नरिमन यांनी सभागृहात आणि बाहेर हा विषय लावून धरला, त्यांच्यावर एका अभियंत्याने बदनामीचा खटला भरला, ते निर्दोष सुटले. १९२६ मध्ये मीअर्स कमिटीने या कामाची चौकशी केली. इथे एक गोष्ट शिकायची: मोठ्या कामाला अडवायचं तर पहिल्या वर्षी, पहिल्या मागणीवर. तिसऱ्या वर्षी फक्त चौकशी मागता येते.

शेवटची पायरी: खर्च झाल्यावर

मंजूर मागणीच्या आत एका बाबीतून दुसऱ्या बाबीत पैसे फिरवायची मुभा अर्थखात्याला होती. कमी पडले तर पुरवणी मागणी घेऊन सभागृहासमोर यावं लागे, बहुधा पावसाळी अधिवेशनात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. अकाउंटंट जनरलचं ऑडिट झालं की हिशेब पब्लिक अकाउंट्स कमिटीपुढे. तिच्यात निदान दोन-तृतीयांश सभासद बिनसरकारी सभासदांनी निवडलेले असत. एखादं खातं मंजुरीपेक्षा जास्त खर्च करून बसलं, एका कामाचे पैसे दुसरीकडे गेले, तर ते इथे उघडं पडे. कमिटी मताला टाकलेल्या खर्चापुरतंच पाहत असे, आणि तिचा अध्यक्ष असे अर्थखात्याचाच सभासद, म्हणजे ज्याचे हिशेब तपासायचे तोच. १९३५ चा कायदा लागू होऊन १९३७ मध्ये नवी विधानसभा येईपर्यंत हीच रीत चालली.